फोर्लान तोच राहिला, दहा यार्ड मागे सरकला

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तू कोल्हापुरात पेठेच्या संघातून स्ट्रायकर खेळतोस. हंगामात नऊ सामने झाले, तुझ्या नावावर एकही गोल नाही. मित्र चेष्टा करतात, कोच आता तुला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवतात. कुणीतरी तुला धीर दिला, "अरे, उरुग्वेच्या दिएगो फोर्लानलाही मँचेस्टर युनायटेडमध्ये आठ महिने गोल मिळाला नव्हता, आणि पुढे तोच २०१० च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू झाला." हे खरं आहे का, आणि खरं असेल तर मधे त्याने स्वतःत काय बदल केला, हे तुला विचारायचंय. शिवाय बूट कसले घालावेत, हेही.

खरं आहे. मात्र "काय बदल केला" याचं उत्तर तुझी निराशा करेल. मी बावीस वर्षं मुंबईत पोरांना शिकवतोय, त्यातली बहुतेक वर्षं फक्त फॉरवर्डना. फोर्लानचे सामने मी शिकवण्यासाठी म्हणून पुन्हापुन्हा पाहिलेत, एकदा प्रत्यक्षही पाहिलाय. माझं मत असं, की त्याच्या खेळात फार थोडं बदललं. बदलली ती त्याची उभं राहायची जागा आणि शेजारी खेळणारी माणसं.

हा पोरगा फुटबॉलच्या घरातच जन्मला. १९७९, माँटेव्हिडिओ. वडील पाब्लो फोर्लान उरुग्वेचे बचावपटू, १९६६ आणि १९७४ असे दोन वर्ल्ड कप खेळलेले. आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो तर उरुग्वेच्या संघाचे कोचच होते. दिएगो मात्र लहानपणी टेनिसमध्येही तितकाच तरबेज होता आणि त्याच वाटेने गेला असता. १९९१ मध्ये त्याच्या बहिणीला, आलेहांद्राला, मोटार अपघात झाला आणि ती कायमची व्हीलचेअरवर आली. दिएगो तेव्हा बारा वर्षांचा. उपचारांचा खर्च त्याने घरात बघितला आणि फुटबॉलमधून पैसा मिळवायचा हे तेव्हाच ठरवलं, असं तो स्वतः सांगत आलाय. ही गोष्ट सांगायचं कारण भावनिक नाही. ज्या मुलाने इतक्या लवकर खेळाकडे काम म्हणून बघितलं, तो सराव कसा करत असेल याचा अंदाज यावा म्हणून सांगतोय.

माँटेव्हिडिओतून नदीपलीकडे, ब्युनोस आयर्सच्या इंडिपेंडिएंते क्लबात तो मोठा झाला. तिथे गोल भरपूर केले. जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडचा मिडल्सब्रो क्लब त्याला जवळजवळ घेऊन गेलाच होता, पण शेवटच्या क्षणी युनायटेडने मधे उडी मारली. सुमारे सत्तर लाख पौंडांचा सौदा, वय बावीस.

आता युनायटेडचा तेव्हाचा संघ डोळ्यांपुढे आण. पुढे रूड व्हॅन निस्टलरॉय, म्हणजे डीमध्ये, गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, मुक्काम ठोकून बसलेला माणूस. त्याच्या मागे पॉल स्कोल्स. बाजूंना बेकहॅम आणि गिग्ज. या चौकटीत फोर्लानला आवडणारी जागा, म्हणजे डीच्या कडेला, सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि मधली फळी यांच्यामधली मोकळी पट्टी, आधीच स्कोल्सकडे होती. मग फोर्लान कुठे खेळणार? व्हॅन निस्टलरॉय थकला की शेवटची पंधरा-वीस मिनिटं, किंवा कुठल्या तरी बाजूला. उतरायचं, अंग गरम होईपर्यंत शिट्टी.

पहिला गोल यायला सत्तावीस सामने लागले. तोही पेनल्टीवर, १८ सप्टेंबर २००२ ला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत, मकाबी हैफाविरुद्ध. पेनल्टी मारायची होती बेकहॅमने, त्याने चेंडू याच्या हातात दिला. तुझ्या संघात पेनल्टी कोण मारतो मला माहीत नाही, पण आडलेल्या स्ट्रायकरला पेनल्टी देणारा सीनियर मिळाला तर त्याला एकदा चहा पाज.

त्यानंतरची गंमत बघ. नोव्हेंबरमध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध त्याने जिंकून देणारा गोल केला, आनंदात जर्सी काढली आणि ती पुन्हा अंगात चढेना. खेळ सुरू झाला तरी हा उघड्या अंगाने, जर्सी हातात धरून चेंडूमागे धावतोय. महिन्याभराने, १ डिसेंबरला, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध तीन-चार मिनिटांत दोन गोल. पहिला सरळसरळ भेट होती: गोलकीपर डुडेकच्या हातून आणि पायांमधून चेंडू निसटला. पण तो निसटला तेव्हा पाच यार्डांवर कोण होतं? गोल न होणाऱ्या काळातही हा माणूस बचावपटूंनी गोलकीपरकडे मागे दिलेल्या प्रत्येक चेंडूचा पाठलाग करायचा. नव्व्याण्णव वेळा काहीच हाती लागत नाही. युनायटेडचे चाहते त्या दोन गोलांचं गाणं आजही गातात. त्या हंगामात युनायटेड लीग जिंकलं. म्हणजे "इंग्लंडमध्ये फ्लॉप" हा शिक्का अर्धवट आहे. ९८ सामन्यांत १७ गोल हा आकडा वाईटच, मी त्याची भलावण करत नाही. पण त्यातले किती सामने पूर्ण नव्वद मिनिटांचे होते, हे विचारल्याशिवाय तो आकडा कुणाला ऐकवू नये.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, उंच, फटका जबरदस्त. उंच आहे म्हणून मी त्याला सगळ्यात पुढे, सेंटर बॅकच्या अंगावर उभा केला. सात सामने, शून्य गोल. मुलगा घरी जाऊन रडायचा, हे त्याच्या आईने मला नंतर सांगितलं. आठव्या सामन्यात आमचा मधल्या फळीतला एक जण तापाने आला नाही, म्हणून नाइलाजाने याला दहा यार्ड मागे खेळवला. दोन गोल, दोन्ही डीच्या बाहेरून. सात सामने आंधळा कोण होता, तो की मी? त्याला गोलकडे तोंड करून चेंडू हवा होता आणि मी त्याला गोलकडे पाठ करून उभा केला होता. फोर्लानबद्दल वाचताना मला दर वेळी तो मुलगा आठवतो.

२००४ च्या उन्हाळ्यात युनायटेडने रूनीला घेतलं आणि फोर्लान स्पेनला, व्हियारेआलला गेला. पन्नास हजार वस्तीचं गाव. तिथे कोच मॅन्युएल पेलेग्रिनी आणि मधे हुआन रोमान रिकेल्मे. रिकेल्मे चेंडू पायाखाली दाबून धरायचा, दोन-तीन जण त्याच्याभोवती गोळा व्हायचे, आणि तेवढ्या वेळात फोर्लान तिरपा धावून रिकाम्या जागेत पोचायचा. इंग्लंडमध्ये चेंडू बाजूने वेगाने डीत यायचा. इथे तो मधून, एक श्वास थांबून यायचा. फोर्लान त्या एका श्वासाचा खेळाडू होता. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल, स्पेनमधल्या सर्वाधिक गोलांचा पिचिची पुरस्कार, आणि थिएरी आन्रीबरोबर विभागून युरोपातल्या अव्वल गोलवीराचा गोल्डन शू. बार्सिलोनाच्या मैदानावर ३-३ च्या सामन्यात तिन्ही गोल त्याचे. काही महिन्यांपूर्वी जो "गोल करू शकत नाही" म्हणून निघाला, तोच हा.

पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या गटात व्हियारेआल आणि युनायटेड समोरासमोर आले. दोन्ही सामने ०-०. पण गटात व्हियारेआल पहिलं आणि युनायटेड शेवटचं. मग इंटर मिलानविरुद्ध सान सिरोवर पहिल्याच मिनिटाला फोर्लानचा गोल, आणि प्रवास सेमीफायनलपर्यंत, जिथे आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत रिकेल्मेची पेनल्टी लेहमनने अडवली.

२००७ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने त्याला घेतलं, तेही फर्नांडो टोरेस गेल्यावर रिकामी झालेली जागा भरायला. शेजारी सर्जिओ अ‍ॅग्वेरो, तेव्हा विशीतही न पोचलेला. अ‍ॅग्वेरो बचावपटूंना मागे ओढायचा आणि फोर्लान मागून यायचा. २००८-०९ मध्ये लीगचे ३३ सामने, ३२ गोल. पुन्हा पिचिची, पुन्हा गोल्डन शू, यावेळी एकट्याचा. पुढच्या वर्षी युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलमध्ये पुन्हा लिव्हरपूल, पुन्हा अ‍ॅनफिल्ड, आणि जादा वेळेत पुन्हा फोर्लान. तिथल्या लोकांनी या माणसाचं काय वाकडं केलं होतं कुणास ठाऊक. १२ मे २०१० ला हँबर्गमध्ये फुलहॅमविरुद्ध फायनल: २-१, दोन्ही गोल त्याचे, दुसरा ११६ व्या मिनिटाला. डाव्या बाजूने अ‍ॅग्वेरोचा क्रॉस आला आणि याने जवळच्या पोस्टवर नुसता पाय लावला. महिन्याभरात वर्ल्ड कप.

तो वर्ल्ड कप तुला नीट सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

उरुग्वेचे कोच ऑस्कर ताबारेझ. मूळचे शाळामास्तर, म्हणून सगळे त्यांना 'एल मायेस्त्रो', म्हणजे मास्तर, म्हणतात. पहिला सामना फ्रान्सशी ०-०, उरुग्वेचा खेळ अगदी कोरडा. दुसऱ्या सामन्याआधी मास्तरांनी रचना मोडली. सुआरेझ आणि कावानी दोघांना पुढे काढलं आणि फोर्लानला त्या दोघांच्या मागे आणलं. म्हणजे ज्याने स्पेनमध्ये वर्षाला ३२ गोल केले, त्या स्ट्रायकरला मास्तरांनी गोलपासून लांब नेलं! आपल्याकडे एखाद्या कोचने असं केलं तर गल्लीत त्याच्या नावाने शिमगा होईल. निकाल: यजमान दक्षिण आफ्रिकेवर ३-०, त्यात फोर्लानचे दोन.

त्या स्पर्धेतले त्याचे पाच गोल बाजूला मांडून बघ. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिला उजव्या पायाने, डीच्या बऱ्याच बाहेरून, वाटेत बचावपटूला किंचित लागून गोलकीपरवरून. दुसरा पेनल्टी. घानाविरुद्ध डाव्या बाजूने फ्री किक, उजवा पाय, चेंडू हवेत दिशा बदलतो आणि गोलकीपर चुकीच्या पायावर. नेदरलँड्सविरुद्ध सेमीफायनलमध्ये डाव्या पायाने, लांबून. आणि जर्मनीविरुद्ध व्हॉली, म्हणजे चेंडू जमिनीला लागायच्या आत मारलेला फटका. पेनल्टी सोडली तर चारही गोल डीच्या रेषेवरून किंवा तिच्या बाहेरून, दोन्ही पायांनी. डीच्या आत धक्काबुक्की करून मारलेला एकही नाही. हा स्ट्रायकर युनायटेडमध्ये कुठल्या जागेसाठी घेतला होता, हे आता पुन्हा आठव.

तेव्हा त्या वर्ल्ड कपच्या 'जाबुलानी' चेंडूच्या नावाने सगळे बोटं मोडत होते. आठच तुकड्यांचा, गुळगुळीत, हवेत वेडावाकडा जाणारा. त्यात जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरवर, हवा विरळ. गोलकीपर वैतागले, फ्री किक मारणाऱ्यांचे चेंडू प्रेक्षकांत जायला लागले. फोर्लानचे मात्र बसत होते. मी ते फटके संथ गतीने मुलांना दाखवतो. आधार देणारा पाय चेंडूच्या शेजारी, पुढेही नाही आणि मागेही नाही. घोटा कडक. शरीराचा भार चेंडूवर झुकलेला. पाय मारल्यावर तो पायाला फार वर जाऊ देत नाही, आखूड झटका देतो. चेंडूला गिरकी कमी बसते, म्हणून तो डुगडुगतो. ताकद लावलीय असं वाटतच नाही.

जर्मनीविरुद्धचा गोल तर दहा वेळा बघ. उजवीकडून अरेवालो रिओसचा क्रॉस येतोय, चेंडू कमरेच्या उंचीवर. नव्वद टक्के पोरं इथे मागे रेलून मारतात आणि चेंडू बारवरून जातो. फोर्लान चेंडू खाली येईपर्यंत थांबतो, अंग आडवं करतो आणि वरून खाली मारतो. चेंडू जमिनीवर आपटून उसळतो आणि जाळ्यात. गोलकीपर हान्स-यॉर्ग बुट जागेवरून हललासुद्धा नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम गोल म्हणून चाहत्यांनी तोच निवडला. त्याच सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक बारवर आदळली आणि उरुग्वे २-३ हरून चौथं आलं. पाच गोलांसह तो म्युलर, व्हिला आणि स्नायडरच्या बरोबरीत होता. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट गोलसाहाय्यांच्या हिशेबाने म्युलरला गेला. सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मात्र चौथ्या आलेल्या संघातल्या फोर्लानला मिळाला.

तुझ्या कामाची एक गोष्ट यानंतर घडली, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. गोल्डन बॉल मिळाल्यावर उरुग्वेसाठी तो पुन्हा आटला. तब्बल वर्षभर, देशासाठी एक गोल नाही. २०११ च्या कोपा अमेरिकामध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत, फायनलपर्यंत शून्य. मास्तरांनी त्याला बसवलं नाही, कारण तो पास देत होता, कॉर्नर मारत होता, मागे येऊन चेंडू घेत होता. २४ जुलैला ब्युनोस आयर्समध्ये पॅराग्वेविरुद्ध फायनल, ३-०: एक सुआरेझचा, दोन फोर्लानचे. १९६७ मध्ये हीच स्पर्धा उरुग्वेने जिंकली तेव्हा कोच होते आजोबा आणि संघात होते वडील.

त्यानंतरचं भराभर सांगतो. इंटर मिलानने घेतलं, पण अ‍ॅटलेटिकोकडून त्या मोसमात युरोपा लीगची पात्रता फेरी खेळलेला असल्याने चॅम्पियन्स लीगच्या गटात तो खेळूच शकला नाही; लीगमध्ये डाव्या कडेला खेळवला, गोल झाले दोन. जागा बदलली की काय होतं त्याचा हा उलटा पुरावा. मग ब्राझीलचा इंटरनॅसिओनाल, जपानचा सेरेझो ओसाका, आणि २०१५ मध्ये घरचा, वडिलांचा क्लब पेन्यारोल. तिथे देशाची लीग जिंकून तो निघाला तो थेट आपल्याकडे.

२०१६ ची इंडियन सुपर लीग, संघ मुंबई सिटी. वय ३७. कोच कोस्टा रिकाचे अलेक्झांद्रे गिमाराईस. घरचे सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात. पहिला गोल नॉर्थईस्टविरुद्ध, पेनल्टीवर. १९ नोव्हेंबरला केरला ब्लास्टर्सविरुद्ध मी माझ्या बारा पोरांना घेऊन गेलो होतो. जाताना सगळ्यांना बजावलं, चेंडूकडे बघायचं नाही, फोर्लानकडे बघायचं. अर्थातच पाचव्या मिनिटाला पहिला गोल झाला आणि शिस्त संपली. चौदाव्याला दुसरा, उत्तरार्धात तिसरा. मुंबई ५-०. पण त्यातल्या एकाने, आमच्या डाव्या बॅकने, सांगितलं ते ऐकलं होतं. परतीच्या लोकलमध्ये तो म्हणाला, "सर, तो धावतच नाही. चालतो. आणि सारखा मान वळवून मागे बघतो." त्या पोराला मी पुढच्या रविवारी कॅप्टन केलं.

मुंबई त्या वर्षी साखळी फेरीत पहिली आली, पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. कोलकात्यात पहिल्या लढतीत तिथल्याच एटीके संघाविरुद्ध फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, संघ २-३ हरला. परतीची लढत अंधेरीत. एटीकेचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेलेला, समोर दहा जण, आणि आमच्याकडे तो चालणारा माणूस नाही. ०-०. स्पर्धा संपली.

हाँगकाँगच्या किची क्लबात शेवटचा मोसम, २०१९ मध्ये निवृत्ती. देशासाठी ११२ सामने, ३६ गोल. कोच म्हणून पेन्यारोलमध्ये थोडेच महिने टिकला. तो विषय वेगळा. २०२४ मध्ये, ४५ व्या वर्षी, माँटेव्हिडिओच्या चॅलेंजर स्पर्धेत टेनिसची दुहेरी खेळला आणि पहिल्याच फेरीत १-६, २-६ हरला. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आता तुझं. पुढच्या तीन सामन्यांचा व्हिडिओ कुणाकडून तरी फोनवर काढून घे. तुझ्याकडे चेंडू येतो तेव्हा तुझं तोंड गोलकडे असतं की पाठ, एवढंच मोजून वहीत लिही. पाठ जास्त वेळा असेल, तर कोचना वही दाखव आणि एक सामना दहा यार्ड मागे खेळू द्या म्हण. भांडू नको, विनंती कर. रोज सरावानंतर डाव्या पायाने तीस फटके, थांबलेल्या चेंडूवर नाही, येणाऱ्या चेंडूवर. आणि शेवटची वीस मिनिटं मिळत असतील तर बाकावर बसून सेंटर बॅककडे बघ: कोण दमलाय, कोण मागे पास देताना घाबरतोय.

बुटांचंही विचारलंस. त्यावर फोर्लानचाच किस्सा आहे. युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन त्याला सांगायचे, ओल्या मैदानावर लांब स्टड (बुटाच्या तळाचे खिळे) घाल. याला आखूड आवडायचे. चेल्सीविरुद्ध आखूड घालून उतरला, गोलसमोर घसरला, संधी गेली. सामन्यानंतर बूट बदलायला धावला, पण फर्ग्युसननी पकडलं आणि बूट फेकून दिले. युनायटेडसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला, असं तोच सांगतो. जागेच्या बाबतीत मी फोर्लानच्या बाजूने आहे. बुटांच्या बाबतीत नाही. पावसाळ्यात लांब स्टड घाल.